मुलांना हवापाणी शिकवताना



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की तो बोनस, महागाई भत्ता, फार तर किमान वेतन यांवर बोलणार, असे सगळे गृहीत धरतात. व्याख्यानमालेच्या चालकांनीही प्रथम मला तसाच विषय सुचवला होता. मी त्यांना म्हटले, त्या विषयांवर मी वर्षभर द्वारसभांतून घसा कोरडा करतोच. या खेपेला मला घरातल्या चार ते दहा वर्षांच्या पोरांविषयी बोलू द्या. ऊन, वारा, पाऊस आणि वीज यांची ओळख मुलांना घरातल्या घरात कशी करून द्यावी, हा आजचा विषय आहे.

हा विषय मला सुचला तो माझ्या कामातून. आमच्या सोलापुरात ज्या घरातला बाप बांधकामाच्या फळीवर उभा असतो आणि आई पत्र्याखाली बसून विड्या वळते, त्या घराची रोजी हवेवर अवलंबून असते आणि प्रसंगी जीवही. अशा घरातले मूल शाळेत ‘ऋतू तीन आहेत’ असे पाठ म्हणते, पण दुपारी तीन वाजता आईचे डोके का दुखते हे त्याला कोणी सांगत नाही. मी स्वतः सातवीपर्यंतच शाळेत होतो. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. त्यामुळे माझ्या सांगण्यात यंत्रे थोडी आणि माठ, तांब्या, पत्र्याचे डबे जास्त येतील. त्याची तक्रार आपण करणार नाही असे धरून चालतो.

प्रथम एका म्हातारीविषयी सांगतो. ढग गडगडले की वर म्हातारी हरभरे भरडते आहे, असे आपल्या आज्या सांगत आल्या. सुधारक मंडळींना ही म्हातारी आवडत नाही. मला तिला घराबाहेर काढण्याची घाई वाटत नाही. चार वर्षांच्या पोराची भीती तिने घालवली तर तिचे काम झाले. मात्र सहाव्या-सातव्या वर्षी तेच पोर विचारते, ‘मग आधी उजेड का दिसतो?’ त्या वेळी ‘गप्प बस’ म्हणणे हा गुन्हा आहे. म्हातारीने आपले जाते उचलून जाण्याची ती वेळ असते.

आता माठाकडे येऊ, कारण हवेचा सगळ्यांत मोठा धडा माठात आहे. एप्रिलमध्ये माठातले पाणी गार लागते, ऑगस्टमध्ये तोच माठ तितके गार करत नाही. का? मुलाला माठाला हात लावायला सांगा. बाहेरून तो ओलसर लागतो. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते आणि त्याची वाफ होऊन हवेत जाते. वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. एप्रिलची हवा कोरडी असल्यामुळे ती वाफ झपाट्याने शोषून घेते. ऑगस्टच्या हवेत आधीच वाफ भरलेली असते, तिला आणखी घ्यायला जागा उरत नाही. ‘दमट’ हा शब्द मुलाला शिकवायचा असेल तर माठाजवळ बसून शिकवावा. फळ्यावर लिहून तो कळत नाही.

हवेत वाफ असते याचा पुरावा मूल मागेल, आणि त्याने मागितलाच पाहिजे. पावसाळ्यात स्टीलच्या तांब्यात बर्फाचे पाणी भरून ठेवा. थोड्या वेळात तांब्याला बाहेरून घाम फुटेल. मुलाला विचारा, हे पाणी आले कोठून? दहापैकी नऊ मुले सांगतात की तांब्या गळतो. मोठी माणसेही सांगतात, हे मी युनियनच्या अभ्यासवर्गात पाहिले आहे. मग आतल्या पाण्यात चिमूटभर हळद टाका. बाहेरचे थेंब पिवळे होत नाहीत, म्हणजे ते आतले नव्हेत. उरली आजूबाजूची हवा. मूल स्वतःच तिथे येऊन पोचते आणि आपण काही सांगावे लागत नाही. हाच प्रयोग आमच्याकडे कोरड्या एप्रिलमध्ये केला तर थेंब फारच थोडे दिसतात. दोन्ही वेळा करून पाहावा.

ज्यांच्या घरी विड्या वळल्या जातात त्यांना तर वेगळे साधनही नको. टेंभुर्णीचे पान भिजवून मऊ केल्याशिवाय ते वळता येत नाही. उन्हाळ्यात पान लवकर वाळते, कडक होते आणि वळताना चिरते, म्हणून बाई ते ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते. पावसाळ्यात उलट, पान वाळतच नाही आणि बुरशीची भीती असते. पान चिरले की विडी नापास आणि मजुरी कमी. म्हणजे हवेतल्या ओलाव्याचा हिशेब त्या घरात रोज पैशांत होत असतो. मुलाला फक्त त्याचे नाव सांगायचे असते. माझे वडील गिरणीच्या विणाई खात्यात होते. तिथे कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून खात्यात मुद्दाम दमट हवा सोडत. सुताला जे मानवे ते माणसाला मानवत नसे, म्हणून १९४८ च्या कारखाना कायद्यात कृत्रिम दमटपणावर पंधरावे कलम स्वतंत्रपणे घातलेले होते. वडील संध्याकाळी घरी आले की त्यांचा सदरा ओला का असतो याचे उत्तर मला त्या कलमात पुष्कळ वर्षांनी सापडले.

हे सगळे माठाचे सांगण्यामागे हेतू आहे. माणसाचे शरीर हाही एक माठच आहे. घाम येतो, वाळतो, आणि अंग गार होते. हवा दमट असली की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो; अंग आत तापत जाते. यामुळेच उष्णतेची लाट जाहीर करताना हवामान खाते मैदानी भागात निदान ४० अंश तापमान धरते, पण किनाऱ्यावर ३७ च अंश धरते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघरला उघड्या मैदानावरच्या एका समारंभानंतर दहाहून अधिक माणसे उष्माघाताने दगावली, त्या दिवशी आसपासचा पारा ३८ अंशांच्या जवळपास होता. चाळीस झाले नाही म्हणजे धोका नाही, असे समजणाऱ्याला माठाचा धडा कळलेला नाही. सात वर्षांच्या मुलीला तो कळू शकतो. आणि तिला तो कळला असेल तर आई तापलेली आहे, चक्कर येते म्हणते, विसंगत बोलते आहे, हे पाहिल्यावर ती धावत जाऊन शेजारच्या मावशीला बोलावील, आईला सावलीत घेऊन अंगावर पाणी मारायला लागेल, आणि दवाखाना गाठायला हवा हेही सांगेल.

आता तापमान मोजण्याविषयी. ताप पाहायचा काचेचा थर्मामीटर मुलांच्या हाती देऊ नये. फुटला तर त्यातला पारा विषारी असतो, आणि तो ४२ अंशांच्या पुढे जातही नाही. खोलीत टांगायचा लाल द्रवाचा तापमापक घ्यावा. तो आधी उन्हात, मग सावलीत, मग दुपारी पत्र्याखाली असा तीन ठिकाणी पंधरा-पंधरा मिनिटे ठेवून मुलाकडून आकडे लिहून घ्यावेत. तीन ठिकाणी तीन आकडे येतात. मग खरा कोणता? वेधशाळा जो आकडा देते तो सावलीतला, जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटर उंचीवरचा, मोकळ्या वाऱ्यातल्या एका पांढऱ्या झडपांच्या पेटीतला असतो. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याने तयार केली. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचा तो बाप. मुलांना ही गोष्ट सांगितली की पेटी लक्षात राहते. आपल्याकडे पेटीचे दार उत्तरेला ठेवतात, म्हणजे वाचन घेताना ऊन आत शिरत नाही.

हा सावलीचा मुद्दा पोरांपुरता नाही. दर उन्हाळ्यात एखादा मुकादम मला वर्तमानपत्र दाखवून म्हणतो, ‘कामरेड, आज एक्केचाळीसच आहे, कालच्यापेक्षा कमी.’ अहो, ते एक्केचाळीस पांढऱ्या पेटीतले. सळया बांधणारा माणूस त्या पेटीत बसून काम करत नाही. कामाची वेळ सकाळी लवकर घ्या आणि दुपारी थांबवा, या मागणीमागचे शास्त्र मी मुकादमाला समजावू शकलो नाही. पण त्याच्या मुलाने तीन ठिकाणचे आकडे वहीत लिहिले असते तर त्याला ते घरीच ऐकावे लागले असते.

दुपारच्या वेळेविषयी मुले हमखास एक प्रश्न करतात. सूर्य डोक्यावर येतो बाराच्या सुमारास, मग सगळ्यांत जास्त तापते ते अडीच-तीनला का? याला उत्तर चुलीपाशी आहे. तवा चुलीवर ठेवल्याबरोबर तापत नाही. जाळ थोडा कमी केला तरी काही वेळ तो तापतच राहतो, कारण येणारी उष्णता जाणाऱ्या उष्णतेपेक्षा अजून जास्तच असते. जमिनीचे तसेच आहे. ती तापते आणि मग तिच्यावरची हवा तापते.

सूर्य खरोखर डोक्यावर येतो तो दिवस तर मुलांना अवश्य दाखवावा. आपल्याकडे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात राज्याच्या दक्षिण टोकाला हा दिवस येतो आणि महिनाभर उत्तरेकडे सरकत जातो. सोलापुरात तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान. उभा ठेवलेला सरळ डबा त्या क्षणी सावलीच टाकत नाही. सूर्य परत जाताना जुलै-ऑगस्टमध्ये हा दिवस पुन्हा येतो, परंतु तेव्हा ढग असतात. मूल विचारील, मग तेव्हा का तापत नाही? उत्तर त्याच्या डोक्यावरच असते.

पावसाकडे वळतो. ‘आज २० मिलिमीटर पाऊस झाला’ असे आपण वाचतो, आणि लांबीच्या मापात पाणी कसे मोजतात हे शेकडा नव्वद पदवीधरांना सांगता येत नाही. पदवीधरांना हिणवण्याचा हेतू नाही, त्यांना कोणी दाखवले नाही. एक सरळ काठाचे रुंद पातेले आणि एक सरळ काठाचा अरुंद डबा पावसात शेजारी ठेवा. मुले पैज लावतील की पातेल्यात पाणी जास्त चढेल. पट्टी घालून पाहिले की दोन्हीत उंची सारखीच. पातेल्यात पाणी जास्त पडले खरे, पण ते पसरलेही जास्त. म्हणून उंची सांगितली की भांड्याचा प्रश्नच उरत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीच्या पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर नव्वद लिटरांच्या वर पाणी पन्हळीतून जाते. ज्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, तिथल्या मुलांना हे गणित घालून पाहा. ती ते चटकन करतात आणि पत्र्याखाली पिंप ठेवायला पळतात.

घरचे पर्जन्यमापक करायचे तर प्लॅस्टिकची मोठी सरळ बाटली घ्यावी, वरचा निमुळता भाग कापून तो उलटा तिच्याच तोंडात नाळक्यासारखा बसवावा. तळ खोलगट असतो म्हणून खडे टाकून त्यावर पाणी ओतावे, जिथे पाणी सपाट होईल तिथे शून्याची रेघ मारावी, आणि वर पट्टी चिकटवावी. भिंत किंवा झाड जवळ नको. भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडावे. चाळीत राहणाऱ्यांनी गच्चीच्या मधोमध, विटांच्या आधाराने ठेवावे. रोज सकाळी साडेआठला वाचावे, कारण वेधशाळेची वेळ तीच आहे, आणि मग आपला आकडा तिच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. तो जुळणार नाही. जुळत नाही म्हणून मूल हिरमुसले तर त्याला मुंबईची हकीगत सांगावी. २६ जुलै २००५ च्या सकाळपासून चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जमिनीवरून तो कोठेच वाहून गेला नसता तर सहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यांच्याही वर आला असता. त्याच चोवीस तासांत तिथून सुमारे पंचवीस किलोमीटरवर कुलाब्याला पडला ७३ मिलिमीटर, जेमतेम घोटा बुडेल इतका. शहर एक, दिवस एक. दक्षिण मुंबईत कचेऱ्यांत बसलेल्यांना संध्याकाळपर्यंत उपनगरांत काय चालले आहे याचा अंदाज नव्हता, आणि किती माणसे त्या संध्याकाळी घराकडे निघाली ते आपण जाणता. एका ठिकाणचा पाऊस पाहून दुसऱ्या ठिकाणाविषयी खात्रीने बोलू नये, हे मुलाला आपल्या गच्चीवरच्या बाटलीवरूनही कळते.

सोलापूरच्या मुलांचा आणखी एक रास्त प्रश्न असतो. महाबळेश्वरला एवढा पाऊस, मग आम्हाला का नाही? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाट उतरून तीस-पस्तीस किलोमीटरवर वाईला आलात तर त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाही नाही. याचे कारण सायकलीच्या दुकानात हाताला लागते. पंपाने हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, कारण हवा दाबली जाते. चाकाची हवा सोडली की वॉल्व्हमधून येणारा झोत गार लागतो, कारण दाबातून सुटलेली हवा फुगते. समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीवर चढतात. वर दाब कमी, म्हणून हवा फुगते आणि गार होते. गार हवेत वाफ मावत नाही, आणि आपल्या बर्फाच्या तांब्यासारखा तिला घाम फुटतो. तो कोकणावर आणि घाटमाथ्यावर पडतो. पलीकडे तीच हवा खाली उतरताना दाबली जाते, तापते आणि कोरडी होऊन आमच्याकडे येते. तांब्या आणि सायकलचा पंप, एवढ्यावर पर्जन्यछायेचा सगळा धडा होतो.

विजेच्या बाबतीत मात्र प्रयोग नाहीत, नियम आहेत, आणि ते पाठच करून घ्यावेत. आमच्याकडे वळवाचा पाऊस मेमध्ये दुपारनंतर येतो, आणि नेमक्या त्याच वेळी पोरे रानात चिंचा-बोरे सोडून आंब्याखाली असतात. उजेड आधी आणि आवाज मागून का, हा म्हातारीला भारी पडलेला प्रश्न इथे उपयोगी पडतो. उजेड आपल्यापर्यंत तत्काळ येतो. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यावर मुलाने ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे मोजावे. नऊ मोजून झाल्यावर गडगडाट आला तर वीज तीन किलोमीटरवर. तिसाच्या आत आवाज आला तर खेळ तिथेच सोडून पक्क्या घरात जावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली उभे राहू नये, याबाबत तडजोड नाही, मग अंग कितीही भिजो. घर जवळ नसेल तर छप्पर असलेल्या बंद मोटारीत बसावे. तेही नसेल तर झाडे, खांब आणि तारांचे कुंपण सोडून, एकमेकांपासून लांब, पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ‘दामिनी’ नावाची सोय मोबाइलवर केली आहे. तिच्यात आसपास वीज पडण्याचा इशारा मिळतो. मोबाइल बहुधा पोरांच्याच हातात असतो, तेव्हा एवढे काम त्यांनी आईबापांसाठी करायला हरकत नाही.

आता पंचांग. मृग, आर्द्रा, पुनर्वसू आणि त्यांची वाहने, यंदा बेडूक की गाढव, यावर आमच्या वस्तीत जून महिन्यात गंभीर चर्चा होते. मी तिची टिंगल करत नाही आणि मुलांनाही करू देत नाही. मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात येतो, आणि ते दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच घडते; प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे. म्हणजे नक्षत्रे ही शेतकऱ्याची दिनदर्शिका होती, आणि मोसमी पाऊसही सूर्याच्याच चालीने येत असल्यामुळे ती बरीच उपयोगी पडली. (ही तारीख साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते, हे जाता जाता.) वाहनाचे मात्र काय करावे? मुलाला वाहन वहीत लिहायला सांगावे, शेजारी आपल्या बाटलीतला पाऊस लिहायला सांगावे, आणि दोन-तीन वर्षे गप्प बसावे. बेडूक किती वेळा खरा ठरला हे मूल आपल्याला सांगेल. मृगाचा तो मखमली लाल किडाही त्याला हातावर घेऊ द्यावा आणि पाय मोजायला सांगावेत. ते आठ भरतात, म्हणजे तो कोळ्याचा भाऊबंद आहे.

हाच न्याय हवामान खात्यालाही लावावा. खात्याने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद मी लहानपणापासून ऐकतो. हे खाते १८७५ मध्ये स्थापन झाले ते हौसेने नव्हे; १८६४ च्या कलकत्त्याच्या चक्रीवादळाने आणि पुढे १८६६ व १८७१ मध्ये पाऊस न आल्याने सरकारला ते काढणे भाग पडले. त्याचे मुख्य ठाणे १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आले, म्हणून पुणेकर शिवाजीनगरच्या त्या इमारतीला अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. खात्याचे अंदाज चुकतात, पण किती आणि कोणत्या बाजूला, हे मोजल्याशिवाय हसण्याचा अधिकार कोणाला नाही. चार रंगांचे इशारे मुलांना सहज पाठ होतात: हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे आता हालचाल करा. तांबडा म्हणजे शाळेला सुट्टी, एवढाच अर्थ पोरांनी लावून घेतला आहे, तो दुरुस्त करावा. ओढ्याकाठच्या झोपडीतल्या मुलाने नारंगी दिसल्यावर दप्तर, रेशनकार्ड आणि आजीच्या गोळ्या उंच फळीवर ठेवल्या, तर त्याला इशारा वाचता येतो असे मी समजेन.

मोजायचे कसे तेही सांगतो. वहीत चार रकाने आखावेत: सांगितला आणि पडला, सांगितला आणि पडला नाही, सांगितला नाही आणि पडला, सांगितला नाही आणि पडला नाही. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरला तरच ‘पडला’ म्हणावे, कारण खातेही पावसाचा दिवस तसाच धरते. रोज सकाळी साडेआठला बाटली वाचल्यावर एका रकान्यात एक खूण करावी आणि बाटली रिकामी करून पुन्हा शून्याच्या रेघेपर्यंत पाणी भरावे. जून ते सप्टेंबर मिळून १२२ दिवस होतात. रोज एक ओळ धरली तरी जुन्या वहीतली दहा कोरी पाने पुरतात.